सोसेल इतका शेक

"पदर काढा," मी म्हटलं.

विहिणीला असं म्हणणारी आमच्या घराण्यातली मी पहिलीच असेन. विहिणीची ओटी भरायची, तिला मानाची साडी द्यायची, तिनं साडीला नावं ठेवली तर ती गिळायची. पदर काढा म्हणायची वेळ कधी कुणावर आलेली नव्हती.

"कशाला?" जगदाळे बाई म्हणाल्या.

"बघते."

"डॉक्टरांनी बघितलंय."

"डॉक्टरांनी कापलंय. बघते मी."

बारा वर्षं झाली त्याला. माझी लेक जयमाला विट्याला दिलेली. तिच्या सासूबाई, म्हणजे या कुमुदिनी जगदाळे, मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. जयू त्यांच्याच शाळेत शिक्षिका होती, तिथून ती त्यांची सून झाली, पण तोंडातलं 'बाई' काही सुटलं नाही. अख्खं विटा त्यांना बाई म्हणायचं, तर सून तरी वेगळं काय म्हणणार?

मी तासगावची. बाळंतिणींना आणि तान्ह्या पोरांना न्हाऊमाखू घालणं, मालिश करणं, शेक देणं हे माझं काम. तासगावातल्या निम्म्या पोरांच्या टाळूवर माझ्या हातचं तेल पडलंय. त्यातली काही पुढे नगरसेवक झाली, त्याला माझा इलाज नाही. लग्नात बाईंनी त्यांच्या पाहुण्यांना माझी ओळख करून दिली, "या मुलीच्या आई. गृहिणी असतात." मी ते ऐकलं. मी ऐकलं हे त्यांना कळलं. मग दोघींनी एकेक पेढा खाल्ला आणि विषय संपला.

त्या वर्षी दिवाळीनंतर बाईंच्या उजव्या छातीत गाठ निघाली. तपासली तर कॅन्सर. मिरजेच्या एका दवाखान्यात नेऊन ऑपरेशन केलं, स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या. आतलं पाणी बाहेर यायला एक नळी ठेवली होती ती नवव्या दिवशी काढली आणि दहाव्या दिवशी घरी पाठवलं. जयूची रजा संपलेली. जावई धनंजयराव वीज मंडळात, त्यांना रजाच नसते, नुसत्या शिव्या असतात. म्हणून मला पंधरा दिवसांसाठी बोलावलं. बाईंनी नाही, जयूनं.

गेल्या गेल्या मला तिघांनी तीनदा सांगितलं की वीस तारखेला पहिली केमो आहे. त्याच्या आत जखम भरून कोरडी झाली पाहिजे. नाही झाली तर तारीख पुढे जाणार, आणि तारीख पुढे गेलेली चालायची नाही. जयूनं तर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर वीस तारखेला लाल गोल काढून ठेवला होता. म्हणजे मी कशाला आले होते ते स्पष्ट होतं. विहिणीला वीस तारखेपर्यंत कोरडं करायचं होतं.

तर बाईंनी पदर काढला. हात वर जात नव्हता म्हणून ब्लाऊजऐवजी धनंजयरावांचा जुना चौकड्याचा शर्ट घातला होता. त्याची बटणं त्यांनी डाव्या हातानं एकेक काढली आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी बघितलं. छातीच्या मधल्या हाडापासून काखेपर्यंत एक आडवी रेघ. बाकी सपाट. तीस वर्षं मी बायकांची उघडी अंगं बघत आलेय. चिरलेली, फाटलेली, पिकलेली, सगळी. आपलं तोंड कसं ठेवायचं ते या धंद्यात पहिल्याच महिन्यात शिकावं लागतं.

"बरं शिवलंय," मी म्हटलं. "टाके सरळ आहेत. माझा ब्लाऊजचा शिंपी मेला एवढं सरळ शिवत नाही."

बाईंनी भिंतीवरून नजर काढून माझ्याकडे बघितलं. हसल्या नाहीत. पण खांदे जरा खाली आले.

"आणि हे काय फुगलंय इथं?"

"पाणी," त्या म्हणाल्या. "नळी काढल्यावर आतल्या पोकळीत पाणी साठतं. सेरोमा म्हणतात त्याला. सुईनं ओढून काढतात. काल काढलं, आज परत थोडं भरलं. घाबरण्यासारखं काही नाही." सातवीच्या वर्गाला सांगावं तसं सांगितलं. मग बटणं लावता लावता म्हणाल्या, "एक आधीच सांगून ठेवते, भागीरथीबाई. या घरात गावठी उपाय चालणार नाहीत. हळद नाही, लेप नाही, अंगारा नाही."

"मी कुठं काय म्हटलं?"

"तुमच्या डोळ्यांत दिसतंय."

दिसत असणार. खोटं नव्हतं ते.

संध्याकाळी जयूला स्वयंपाकघरात विचारलं, "दवाखान्यानं काय पथ्यपाणी सांगितलंय?"

"कागद दिलाय, तो बाईंच्या फायलीत आहे. म्हणाल्या, औषधांचीच यादी आहे, मी वाचलीय."

त्या घरात बाईंनी वाचलं म्हणजे सगळ्यांनी वाचलं. पुढे कुणी विचारत नसे. मीही विचारलं नाही. मग जयू भाकरी थापता थापता थांबली आणि हळूच म्हणाली, "आई, तू बघितलंस?"

"बघितलं."

"कसं आहे?"

"तू नाही बघितलंस?"

"दार लावून घेतात. आणि खरं सांगू, दार उघडं असतं तरी..." पुढचं तिनं भाकरीवर पाणी फिरवून संपवलं.

धनंजयरावांची गोष्ट आणखी वेगळी. रोज कामावरून आले की बाईंच्या खोलीच्या उंबऱ्यात उभे राहायचे आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरला विचारायचे, "आई, बरं आहे ना?" कॅलेंडर बरं होतं. बाई "हो" म्हणायच्या. मग ते हातपाय धुवायला जायचे. वाईट माणूस नाही, आईवर जीव आहे, पण त्याची मान काही तिकडे वळत नव्हती. भेटायला येणारी माणसं शहाळी घेऊन यायची आणि बाईंच्या पायांशी बोलायची. एक जुन्या सहशिक्षिका तेवढ्या सरळ छातीकडे बघायच्या, मग जीभ चावून पंख्याकडे बघायच्या, मग परत छातीकडे. शहाळी मात्र चांगली होती.

तिसऱ्या दिवशी धनंजयराव बाईंना मिरजेला घेऊन गेले, डॉक्टरांनी सुईनं पाणी काढलं आणि आठवड्यानं या म्हणाले. मी घरीच होते. परत आल्यावर दुपारी बाई आडव्या झाल्या, मी पाय चेपत बसले. जयू शाळेत, नातू शाळेत, घरात दोघीच.

"भागीरथीबाई," बाई एकाएकी म्हणाल्या, "जयूला बाळंतपणात तुम्ही शेक दिला होता ना?"

"सव्वा महिना."

"त्यानं नक्की काय होतं?"

"अंगातलं पाणी ओढून घेतं. दूध साकळून गाठी झाल्या तर मोकळ्या होतात. सूज उतरते."

"त्याला शास्त्रीय आधार?"

"जयू आणि तुमचा नातू. दोघंही चालतंबोलतं आहेत."

बाईंनी एकदा दाराकडे बघून घेतलं. मग म्हणाल्या, "मला द्या."

आता मागे वळून बघताना वाटतं, तिथंच माझ्या डोक्यात दिवा लागायला हवा होता. जी बाई हळदीला घरात शिरू देत नाही ती शेक मागते, तेही सून घरात नसताना. पण मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, आली! मुख्याध्यापिका आली शेवटी गृहिणीच्या दाराशी. माणूस जिंकला की त्याची अक्कल चरायला जाते, तशी माझी गेली.

खडेमीठ आणि ओवा घ्यायचा, जुन्या पंचाच्या तुकड्यात त्याची पुरचुंडी बांधायची, तव्यावर तापवायची आणि टेकत टेकत शेकायचं. आधी आपल्या हातावर टेकवून बघायची. पण माझ्या हाताचा भरवसा कधीच संपलाय. निखारे हलवून हलवून तळव्याची कातडी उलथन्यासारखी झालीय. म्हणून मी बाईमाणसालाच विचारते, सोसतंय का? बाळंतीण याबाबतीत लबाडी करत नाही. जास्त झालं तर आईवरून शिवी देते. तीस वर्षं तीच माझी मोजपट्टी, आणि तीस वर्षांत माझ्या हातानं कुणाला एक फोड आलेला नाही.

"सोसतंय का?" मी विचारलं.

"सोसतंय. राहू द्या."

दुसऱ्या हातानं मी कडेची कातडी धरून होते, ताण बसू नये म्हणून. बाळंतिणी शेकाला डोळे मिटून घेतात, काही तर घोरतात. बाई डोळे उघडे ठेवून माझ्या हाताकडे बघत राहिल्या. शाळा तपासायला आलेला अधिकारी बघतो तसं. मला वाटलं, चूक शोधतायत. मी आणखी नीट शेकलं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता त्या शर्टाची बटणं काढूनच बसल्या होत्या. फुगवटा कमी दिसत होता. तो सुईमुळे कमी होता, पण मी त्याचं श्रेय पुरचुंडीला देऊन टाकलं.

"सोसतंय का?"

"सोसतंय. जरा गरम चालेल अजून."

त्या दिवशी त्या आपण होऊन बोलल्या. धनंजय झाला तेव्हा त्यांची आई आधीच गेलेली. सासू आजारी. शेजारच्या एक बाई यायच्या, पोराला आंघोळ घालून जायच्या. "माझ्याकडे कुणी बघितलं नाही," बाई म्हणाल्या. "म्हणजे वाईट अर्थानं नाही. कुणाला सुचलंच नाही. मीही सांगितलं नाही. पोर धडधाकट होतं, मग मला काय झालं होतं?"

"शेक नाही, मालिश नाही?"

"छे. पंधराव्या दिवसापासून वह्या तपासत होते."

"तरीच," मी म्हटलं.

"तरीच काय?"

"तरीच अशा झालात."

यावर त्या हसल्या. तोपर्यंतच्या तेरा वर्षांच्या सोयरिकीत त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं. वरचा एक दात जरा पुढे आहे, तोवर माहीत नव्हतं.

शेकाच्या तिसऱ्या दिवशी आणखी गरम, चौथ्या दिवशी आणखी. मी विचारायचे, त्या म्हणायच्या सोसतंय. तीनला पाच कमी असतानाच "वाजले का हो?" अशी हाक यायची. मी स्वयंपाकघरात मीठ परतत असायचे आणि मनात म्हणायचे, बघा, गोडी लागली. चौथ्या दिवशी शेकून झाल्यावर मला जरा लाली वाटली. पण शेकल्यावर लाली येतेच. मी वर खोबरेल तेलाचं बोट फिरवलं आणि निर्धास्त झोपले.

पाचव्या दिवशी शर्ट बाजूला केला आणि आधी वाटलं, कालचं तेल चमकतंय. मग वाकून बघितलं. तेल नव्हतं. रेघेच्या खालच्या अंगाला पाच फोड होते, एकाशेजारी एक, पाण्यानं भरलेले. फोडांच्या मधली कातडी पांढरी पडलेली.

माझ्या हातातली पुरचुंडी खाली पडली.

"काय झालं?" बाई म्हणाल्या.

"काही नाही."

"तुमचं तोंड बघून तसं वाटत नाही."

तीस वर्षं सांभाळलेलं तोंड नेमकं तेव्हा फितूर झालं. "भाजलंय हो," मी म्हटलं. "चांगलंच भाजलंय. तुम्हाला काहीच कसं लागलं नाही? अहो, असा चटका बसला तर माणूस छपराला जाऊन चिकटेल!"

बाईंनी मान वाकवून बघितलं. घाबरल्या नाहीत. कुणीतरी वहीत शाई सांडली असावी असा चेहरा. "असं," म्हणाल्या. "धनंजयला फोन करा. म्हणावं, गरम पाण्याची पिशवी फुटली."

"पिशवी कुठं फुटलीय?"

"तुम्ही फोन करा. बाकी मी बघते."

मी केला फोन. पिशवी फुटली असंच सांगितलं. जीव मुठीत होता. वीस तारखेला आठ दिवस उरले होते.

धनंजयराव गाडी घेऊन आले, येताना शाळेतून जयूलाही घेतलं. सगळे मिरजेला. दवाखान्यातल्या डॉक्टर अत्तार म्हणजे चाळिशीची बाई, बारीक, कमी बोलणारी. त्यांनी फडकं बाजूला केलं, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "कशानं?"

"पिशवी फुटली," बाई म्हणाल्या.

"पिशवी फुटली की पाणी ओघळतं. खाली पोटापर्यंत भाजायला पाहिजे. हे गोल आहेत." त्यांनी फोड मोजले. "पाच गोल."

मग त्यांनी सांगायचं ते सांगून टाकलं. टाक्यांजवळची कातडी आधीच नाजूक असते, आता ती मरू शकते. खाली पाणी आहे, त्यात जंतू गेले तर पू होईल. अशा अंगावर केमो देता येत नाही. "वीस तारीख रद्द. तीन आठवडे तरी पुढे. जास्तही लागतील."

धनंजयरावांचा चेहरा लालबुंद झाला. ते बाईंकडे बघू शकत नव्हतेच, म्हणून जयूकडे वळले. "पिशवी सकाळी तूच भरलीस ना? एक झाकण धड लावता येत नाही तुला? वीस तारीख, वीस तारीख म्हणून नाचत होतीस ना गोल काढून?"

"मी पाठीला म्हणून भरली होती," जयू म्हणाली. तिचा आवाज फाटला. "झाकण घट्ट लावलं होतं हो मी."

बाईंनी तोंड उघडलं होतं, पण मी आधी बोलले. "पिशवी नव्हतीच. मिठाची पुरचुंडी होती. मी शेकलं. चार दिवस, रोज दुपारी. जयूला काही ठाऊक नाही."

"मामी?" धनंजयराव म्हणाले. एवढंच. पण त्या 'मामी'त सगळं आलं.

"मी विचारत होते," मी डॉक्टरांना सांगितलं. आपण मोठ्या माणसाजवळ गाऱ्हाणं नेतो तसं सांगितलं, मला आठवून आजही लाज वाटते. "दर वेळी विचारलं, सोसतंय का. सोसतंय म्हणाल्या."

"म्हणणारच," डॉक्टर म्हणाल्या. "ऑपरेशनमध्ये तिथल्या बारीक नसा कापल्या जातात, कातडी बधिर होते. त्यांना तिथं काही कळतच नाही, आजी. निखारा ठेवला असतात तरी सोसतंयच म्हणाल्या असत्या. घरी पाठवताना आम्ही कागद देतो. मराठीत, ठळक अक्षरांत. तो कुणीच वाचला नाही का?"

"असा कागद आम्हाला दिलेलाच नाही," धनंजयराव एकदम उसळले. त्यांना राग काढायला जागा हवीच होती. "तुमच्या सिस्टरनी नुसती औषधांची यादी दिली. मी लेखी तक्रार करणार आहे. तुमच्या हलगर्जीपणामुळे..."

"दिला होता," बाई म्हणाल्या.

त्या टेबलावर उघड्या छातीनं बसल्या होत्या, अंगात मुलाचा शर्ट, समोर डॉक्टर, सिस्टर, मुलगा, सून, विहीण. आणि त्यांनी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. "मुद्दा क्रमांक सहा. शस्त्रक्रियेच्या बाजूची त्वचा बधिर राहील. त्या भागावर शेक घेऊ नये, गरम पाण्याची पिशवी अथवा बर्फ ठेवू नये. खाली लाल रेघ आहे. ती मी मारली."

सिस्टरच्या हातातला कापूस हातातच राहिला.

"आई, मग का?" धनंजयराव म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांनी आईकडे बघितलं.

"ड्रेसिंग करून घ्या, डॉक्टर," बाई म्हणाल्या. "रात्र व्हायच्या आत घर गाठायचंय."

पुढचं आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागेल. केमो पुढच्या महिन्यात चौदा तारखेला सुरू झाली. मधले दिवस आम्ही कसे काढले ते आम्हाला ठाऊक. थोडी कातडी काळी पडली, ती डॉक्टरांनी काढली. पू झाला नाही. सगळी सलाइनं पार पडली, बाई आजही आहेत आणि माझ्या साड्यांना नावं ठेवतात. पण त्या संध्याकाळी यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी एवढंच माहीत होतं की वीस तारीख माझ्या हातानं गेली.

गाडीत धनंजयराव चालवायला, शेजारी जयू, मागे आम्ही दोघी. निघतानाच जावई म्हणाले, "मामी, तुमचीही फार धावपळ झाली. वाटेत तासगाव लागतंच, तिथं सोडतो तुम्हाला. सामान मागाहून पाठवतो." जावई एवढा गोड बोलला की समजायचं, आपलं या घरातलं काम संपलं. जयू पुढे बघत होती. तिनं मान वळवली नाही. तिचाही राग रास्तच होता.

मिरज मागे पडलं तशी मी तोंड उघडलं. हळूच, पण माझं हळू म्हणजे फार हळू नसतं.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि मला भाजू दिलंत. चार दिवस मी मूर्खासारखी विचारतेय सोसतंय का, सोसतंय का, आणि तुम्ही आपल्या... अहो, माझ्या हाताला आजवर डाग नव्हता! उद्या तासगावात कुणी बाळंतीण दारात उभी करेल का मला? आणि तुमची केमो? त्याचं काय? मेल्या असतात म्हणजे?"

"सांगितलं असतं तर तुम्ही शेक दिला नसता."

"नसताच दिला! वेडी आहे का मी?"

"मग हातही लावला नसता," बाई म्हणाल्या.

मी माझ्या तळहातांकडे बघितलं.

"धनंजय कॅलेंडरशी बोलतो," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. पुढच्या सीटवर ऐकू जात होतं, पण त्यांनी आवाज कमी केला नाही. "जयू गुणी आहे, पण तिचा हात थरथरतो. सिस्टर मोजे घालून येते. मी स्वतः आंघोळीला डोळे मिटून घेते. आणि तुम्ही पहिल्या दिवशी आलात, बघितलंत आणि शिंप्याला शिव्या दिल्यात. मला वाटलं, म्हणजे हे अजून माणसाचंच अंग आहे. कळत काहीच नव्हतं. गरम नाही, गार नाही. मी फक्त बघायची, कुणीतरी तिथं हात ठेवून बसलंय. एवढं भाजेल असं नव्हतं वाटलं. ती माझी चूक."

मला रडू कोसळलं. दयेनं नाही, रागानं. "मग हात मागायचा ना नुसता!" मी म्हटलं. "त्याला मीठ-ओवा कशाला लागतो? मी काय नाही म्हटलं असतं? दिवसभर बसले असते हात ठेवून. दुसरं काम काय होतं मला तुमच्या घरात?"

"मला मागता येत नाही."

"का नाही येत?"

"सवय नाही," बाई म्हणाल्या.

मी पदरानं नाक पुसलं. धनंजयरावांचे कान लाल झालेले मागून दिसत होते. असं करत तासगाव आलं. त्यांनी गाडीचा वेग कमी केला, घसा खाकरला. "मामी, स्टँडजवळ सोडू का घरापर्यंत?"

"स्टँडजवळ चालेल," मी म्हटलं आणि पायाशी ठेवलेली पिशवी उचलली.

"धनंजय," बाई म्हणाल्या, "गाडी सरळ घे."

"अगं आई, पण मामींना..."

"सरळ."

चारशे मुलींना एका शब्दात रांगेत उभं करणारा आवाज होता तो. गाडी सरळ गेली. स्टँड गेला, माझ्या आळीचा बोळ गेला, तासगाव मागे पडलं. मी पिशवी मांडीवर घेऊन तशीच बसले होते. बाई खिडकीबाहेरच बघत होत्या. बाहेर द्राक्षबागांशिवाय बघायला काही नव्हतं.

"भागीरथीबाई," त्या म्हणाल्या.

"काय?"

त्यांना पुढचा शब्द काढायला बराच वेळ लागला. मी मदत केली नाही. मुद्दाम नाही केली.

"हात द्या."

"कुठं?"

"तिथंच."

मी पिशवी खाली ठेवली. त्यांच्या पदराखालून हात घातला आणि काखेच्या अंगाला, पट्टीच्या वर, भार न देता टेकवला. हात गरम नव्हता, गार नव्हता. बाई हलल्या नाहीत. माझ्या हाताकडे बघितलंही नाही, बाहेरच बघत राहिल्या. दोनेक मैल गेल्यावर त्यांनी विचारलं, "आहे ना?"

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. बघितल्याशिवाय त्यांना कळणार कसं?

"आहे," मी म्हटलं.

विटा यायला अजून पाऊण तास होता. मधे अंधार पडला. त्यांनी आणखी तीनदा विचारलं आणि मी तीनदा आहे म्हटलं. पाचव्यांदा विचारलं तेव्हा मी तोंड उघडायच्या आत जयूनं पुढच्या सीटवरून वळून, गाडीतला दिवा लावून, नीट बघितलं.

"आहे, बाई," ती म्हणाली.